गुड, संयोगचिन्ह, ह्यूमर्ड

हसू येणं हा काही रोग नव्हे, हे कबूल. पण खिदळीचं हसू रोगांच्या पंक्तीला जाऊन बसायला फारसं बाकी राहिलं नव्हतं. एरवी पोरगी सोन्यासारखी. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला, हात स्थिर, नजर पक्की, एका नळीचं लेबल कधी दुसरीवर गेलं नाही. फक्त जिथे हसायचं नाही तिथे नेमकं तिला हसू यायचं. साहेब रागावले की यायचं. कुणाच्या दुखण्याची चौकशी करायला गेली की यायचं. तेही गालातल्या गालात आलं असतं तर एक वेळ निभावून नेलं असतं, पण कसलं काय. आधी नाकातून बारीक शिट्टी वाजायची, मग खांदे हलायचे, आणि मग जे काही फुटायचं ते खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे ऐकू जायचं. तिथे खुर्चीत आडवे झालेले पेशंट म्हणे उठून बसायचे.

लॅबमध्ये तिला सगळे खिदळीच म्हणत. तिलाही ते पटलं होतं, कारण नाही म्हणायला तोंड उघडलं की हसूच बाहेर पडायचं.

याच हसण्यापायी एक जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलाचे काका आपल्या मूळव्याधीच्या ऑपरेशनची हकिगत अगदी रंगात येऊन सांगत होते. सांगता सांगता म्हणाले, तेव्हापासून मी कुठेही बसायचं तर विचार करून बसतो. झालं. खिदळी जी सुटली ती आवरेचना. दुसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी चांगली आहे हो, पण आमच्या घराला झेपायची नाही. आपल्याला काहीच वाटलं नाही असं तिनं आठवडाभर दाखवलं आणि मग एकदा लॅबमधल्या मशीनपाशी बसून एकटीच रडली.

म्हणून लिफ्टवाला भेटला तेव्हा तिला आनंदाआधी धास्तीच वाटली.

हा लिफ्ट दुरुस्त करायचा. लॅबची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत खिदळी, हातात नमुन्यांचा ट्रे. वरच्या फटीतून हा म्हणाला, घाबरू नका, मी आलोय. आता त्या फटीतून तिला दिसत होते ते फक्त त्याचे बूट. बुटांनी आपल्याला धीर द्यावा याचं तिला इतकं हसू आलं की ट्रे सांभाळत ती खालीच बसली. त्याला वाटलं, आत बाईला झटका आला. मग त्याला कळलं ते काय आहे, आणि तोही वर पालथा पडून हसायला लागला. त्यानंतर लॅबची लिफ्ट वरचेवर बिघडू लागली. कशी ते मला विचारू नका.

गोष्ट लग्नापर्यंत आली. खिदळीचा त्याच्यावर जीव जडला होता, उगाच आडपडदा कशाला ठेवा. त्याला सोडून दुसऱ्या कुणाबरोबर संसार मांडायचा हा विचारसुद्धा तिला सहन होत नव्हता. अडचण एकच होती, आणि ती म्हणजे त्यांच्या घरचा शब्द.

हा शब्द म्हणजे काय प्रकार आहे, ते नीट सांगायला हवं. लिफ्टवाल्याचे आईबाबा दोघंही एका छापखान्यात कामाला होते. तिथे एक भला मोठा शब्दकोश छापला जात होता. शब्द इंग्रजी, पण त्याचा अर्थ, तो आला कुठून, सगळं आपल्या भाषेत. छापून आलेला कागद तपासायला दोन माणसं लागतात. एक जण मूळ मजकूर मोठ्यानं वाचतो, दुसरा हातात पेन्सिल घेऊन छापलेल्या ओळीवर नजर ठेवतो. आणि वाचणारा नुसते शब्द वाचत नाही, तो सगळंच वाचतो. स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणायचं, अक्षर जाड असेल तर 'जाड', तिरकं असेल तर 'तिरकं'. सगळं एका सुरात, बातम्या सांगितल्यासारखं. आई वाचायची, बाबा तपासायचे. अख्खा शब्दकोश त्या दोघांनी असा समोरासमोर बसून पार केला आणि त्यातच कुठेतरी एकमेकांना पसंतही करून टाकलं.

मग घराला पद्धतच पडली. नवीन माणूस घरात यायचं असलं की त्याला त्या कोशातला एक शब्द द्यायचा, त्याच्या स्वभावाला साजेसा. जेवणाआधी सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं आणि ती नोंद मोठ्यानं वाचायची, स्वल्पविरामांसकट. नोंद पास झाली की मग लग्नाची तारीख. आधी शब्द, मग तारीख, यात कुणाला सूट नाही. मांजरालासुद्धा शब्द होता. थोरल्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे घरच्या जावईबापूंना, 'लेव्हल-हेडेड' मिळाला होता. ज्याचं डोकं जागेवर आहे असा. तेव्हापासून तो बिचारा डोक्यावर भरलेली घागर घेतल्यासारखा चालायचा आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघून झाल्यावर पुन्हा पहिल्या बाजूला बघायचा.

आई मध्यंतरी गेली. खिदळीचा शब्द हा आईनंतरचा पहिला, आणि तो बाबा एकटेच काढणार होते.

आता खरी मेख ऐका. जावईबापूंनी खिदळीला बाजूला घेऊन सावध केलं होतं. म्हणाले, काहीही कर, पण वाचन चालू असताना हसू नकोस. त्यांच्या वेळी काय झालं, तर आईंनी सुरुवात केली, 'जाड, लेव्हल, संयोगचिन्ह, हेडेड', आणि यांना फिस्सकन हसू आलं. तत्क्षणी सासऱ्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली आणि यांच्याकडे बघत बसले. एक शब्द नाही. जावईबापूंनी झटकन तोंड पाडलं, मूग गिळून बसले, तेव्हा कुठे सासऱ्यांनी पेन्सिल परत उचलली. आणखी एकदा हसलो असतो ना, ते म्हणाले, तर तुझी नणंद आज दुसऱ्या कुणाच्या घरी असती.

लिफ्टवाला त्या दिवशी कुठल्यातरी इमारतीच्या लिफ्टवर चढून बसला होता, त्यामुळे त्यानं हे डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण बाबा घरात फारसे बोलत नसत, आणि न बोलणाऱ्या माणसाबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी ते खरं वाटतं. शिवाय फोनचा प्रकार होताच. हा बाबांशी फोनवर बोलत असताना मागे खिदळी हसत होती. बाबांनी विचारलं, कोण हसतंय? यानं घाईघाईनं सांगून टाकलं, रेडिओ आहे. पुढच्या फोनला बाबांनी आपण होऊन पुन्हा तेच विचारलं. त्याच्याही पुढच्या वेळी तेच. लिफ्टवाल्यानं खिदळीला हात जोडून सांगितलं, बाई गं, तेवढा एक तास दगड हो.

ती दगड व्हायच्या तयारीला लागली. लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या बाई होत्या, त्यांना सगळे सुईबाई म्हणत. त्यांनी शिकवणी घ्यायचं कबूल केलं. जेवणाच्या सुट्टीत सुईबाई समोर बसून पेशंटांचे रिपोर्ट त्या छापखान्याच्या पद्धतीनं वाचायच्या. 'हिमोग्लोबिन, अपूर्णविराम, बारा दशांशचिन्ह चार, पूर्णविराम.' पहिल्या दिवशी खिदळी हिमोग्लोबिनच्या पुढे गेली नाही. सुईबाईंनी तीन युक्त्या सांगितल्या. जिभेचं टोक दातांत धर, पायाचा अंगठा जमिनीत दाब आणि घरमालकाचा चेहरा डोळ्यांसमोर आण. घरमालकाचा चेहरा फार कामाचा निघाला. महिना संपेपर्यंत खिदळी यकृताचा अख्खा रिपोर्ट, सगळ्या विरामचिन्हांसकट, चेहऱ्यावरची माशी न हलू देता ऐकून दाखवू लागली. सुईबाईंना भरून आलं. त्या म्हणाल्या, आता तुला मयतालाही न्यायला हरकत नाही.

वाचनाचा दिवस रविवारचा होता. घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट अर्थातच लोण्यासारखी चालणारी. टेबलावर टोमॅटोचं सूप वाढून ठेवलेलं, शेजारी काचेच्या वाट्यांमध्ये पिवळंधमक कस्टर्ड, पण हात कुणी लावायचा नाही, आधी शब्द. ताई सगळ्यांना सरळ बसा म्हणत होती. जावईबापू सरळच बसले होते. बाबा आले. किडकिडीत माणूस, चष्मा कपाळावर, खिशात टोक काढलेल्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. त्यांनी खिदळीकडे एकदा नीट बघितलं आणि फक्त बस म्हणाले. तिनं नमस्कार केला आणि बसली. जीभ दातांत, अंगठा जमिनीत, घरमालक डोळ्यांसमोर.

बाबांनी कागद समोर घेतला. वाचायला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे वाचायचंही त्यांनीच आणि पेन्सिलीनं ओळ धरायचीही त्यांनीच. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली.

"जाड, गुड, संयोगचिन्ह, ह्यूमर्ड, स्वल्पविराम, तिरकं, विशेषण, पूर्णविराम. स्वभावाने प्रसन्न, अर्धविराम, सहसा न चिडणारा, पूर्णविराम."

खिदळीचं हसू जागं झालं. तिनं घरमालकाला जवळ ओढलं.

"उगम, अपूर्णविराम. जोडशब्द, पूर्णविराम. दुसरा भाग लॅटिनमधून, स्वल्पविराम, मूळ अर्थ ओल, स्वल्पविराम, द्रव, पूर्णविराम. जुन्या वैद्यांच्या मते माणसाच्या शरीरात चार द्रव वाहतात, अपूर्णविराम, रक्त, स्वल्पविराम,"

जावईबापूंनी सूपकडे बघितलं आणि बशी हळूच दूर सारली.

"कफ, स्वल्पविराम, पिवळं पित्त, स्वल्पविराम,"

आता ताईनं कस्टर्डकडे बघितलं.

"काळं पित्त, पूर्णविराम."

अहो, ही पोरगी सकाळपासून रात्रीपर्यंत दुसरं करते काय! एक काळं पित्त सोडलं तर बाकी सगळा माल तिच्या ट्रेमध्ये रोज नावानिशी हजर असतो. ज्या वस्तूंना ती हातमोजे घालून लेबलं चिकटवते, त्याच वस्तू सासऱ्यांनी तिच्या लग्नाच्या बोलणीत, सूप निवत असताना, स्वल्पविराम घालून वाचाव्यात? नाकापर्यंत शिट्टी आली. तिनं श्वास रोखला. घरमालक कमी पडतोय असं पाहून तिनं घरमालकाची बायकोही आठवली. आणि दाबलं हो, दाबलं एकदाचं.

तेवढ्यात बाबांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. जावईबापूंचं तोंडच पांढरं पडलं. लिफ्टवाल्यानं टेबलाखालून तिचा हात धरला. खिदळीनं चेहरा आणखी आवळला. मनात म्हणाली, बघितलं यांनी, माझं नाक हललेलं बघितलं. आता हललीस तर मेलीस. ती हलली नाही. बाबा बराच वेळ थांबले आणि मग त्यांनी पेन्सिल उचलली.

पुढे नोंदीत होतं की हे चार द्रव योग्य प्रमाणात असले की माणसाची लहर चांगली, एखादा जास्त झाला की माणूस बिघडला. म्हणून त्या द्रवाच्या नावाचा अर्थ आधी प्रकृती झाला, मग स्वभाव, मग लहर, आणि विनोद हा अर्थ त्याला सगळ्यांत शेवटी येऊन चिकटला. ज्याच्या आतलं पाणी चांगलं तो गुड-ह्यूमर्ड, एवढाच सगळा मामला. हे सगळं बाबांनी एका सुरात, एकही विरामचिन्ह न गाळता वाचलं, आणि मध्ये पुन्हा एकदा पेन्सिल खाली ठेवून तिच्याकडे बघितलं. ती दगड. शेवटचा पूर्णविराम झाल्यावर तिसऱ्यांदा ठेवली. तरी दगड. सुईबाई तिथे असत्या तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि कागदावरच्या त्या शब्दावर पेन्सिलीनं सरळ रेघ मारली.

"जुळत नाही," ते म्हणाले.

कुणाला काही कळेना. बाबांनी सावकाश सांगितलं की मूळ एक आणि छापलेलं भलतंच असलं तर नोंद पास करता येत नाही, मग शब्द कितीही आवडता असो. चूक त्यांचीच होती. मुलगी चांगली आहे, शांत आहे, पण हा शब्द तिचा नाही. तारखेचं काय, असं लिफ्टवाल्यानं कसंबसं विचारलं. शब्दाशिवाय तारीख कशी काढणार, बाबा म्हणाले, आईनं कधी काढली होती का?

करायला गेली काय आणि झालं काय! खिदळीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा महिनाभर घरमालकाचं तोंड बघितलं ते यासाठी? हसल्यामुळे एक घर गेलं, आता न हसल्यामुळे दुसरं चाललं. तोंड उघडून काही सांगावं तर आत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर येईल ही भीती, म्हणून ती गप्पच बसली. आणि तिला गप्प बसलेली पाहून बाबांना वाटलं, आपलं बरोबरच आहे.

मग त्यांच्या मनात आलं की पोरांना अगदीच रिकाम्या हातानं उठवणं बरं नव्हे. त्यांनी कपाटातून कोशाचा दुसरा खंड आणला. म्हणाले, त्याच चार द्रवांपैकी एकातून निघालेला आणखी एक शब्द आहे, तो हिला चपखल बसेल. पान काढलं, पेन्सिल ओळीवर टेकवली.

"जाड, फ्लेगमॅटिक, स्वल्पविराम, तिरकं, विशेषण, पूर्णविराम. ज्याच्या शरीरात कफ वाढला आहे असा, अर्धविराम, थंड, स्वल्पविराम, सुस्त, स्वल्पविराम, ज्याला सहसा हसू येत नाही असा, पूर्णविराम."

पूर्णविराम पुरता खाली टेकलाही नव्हता, तोच शिट्टी वाजली.

जीभ सुटली, अंगठा सुटला, घरमालक कुठल्या कुठे उडाला. ज्याला सहसा हसू येत नाही असा! आयुष्यभर या घरात आपल्याला कफवाली म्हणणार, मांजराचा शब्दसुद्धा आपल्यापेक्षा बरा असणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि खिदळी फुटली. महिन्याभराचं साठलेलं एकदम बाहेर आलं, हिमोग्लोबिनपासूनचं. टेबल हललं, सूप हिंदकळलं, शेजारच्या घरातून कुणीतरी दार उघडून बघितलं. जावईबापू दोन्ही हातांनी गप्प, गप्प अशा खुणा करत होते. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली, आणि मघाच्याच सपाट सुरात, बातम्या सांगाव्यात तसं म्हणाले, "उद्गारचिन्ह."

खिदळी खुर्चीवरून अर्धी खाली घसरली.

"उद्गारचिन्ह, उद्गारचिन्ह," बाबांनी पुढे वाचलं, आणि तिसऱ्या वेळी त्यांचा सूरच चुकला.

मग काही विचारू नका. आधी लिफ्टवाला गेला, मग ताई गेली, ताईनं तर पदर तोंडात कोंबला तरी उपयोग नाही. जावईबापू टेबलाची कड धरून एकटेच लढत होते. शेवटी तेही कोसळले, आणि लग्नाला एवढी वर्षं होऊनही नवरा असा हसतो हे ताईला त्या दिवशी कळलं. हसून हसून सगळ्यांच्या मुरकुंड्या वळल्या. कुणी कस्टर्डकडे बोट दाखवायचं की पुन्हा सुरू.

दम लागल्यावर मात्र खिदळी भानावर आली. काय केलं आपण हे? ती उठून उभी राहिली. डोळे पुसता पुसता हसू येत होतं आणि हसता हसता रडू. म्हणाली, "काका, माफ करा. मला आवरतच नाही हो, लहानपणापासून आवरत नाही. पण मला तुमच्या घरात यायचंय. मनापासून यायचंय. शब्द कुठलाही द्या, कफाचा द्या, चालेल, पण तारीख काढा."

बाबांनी विचारलं, "मग इतका वेळ का दाबून धरलं होतंस?"

सगळ्यांनी जावईबापूंकडे बघितलं. जावईबापूंनी टेबलाकडे बघितलं. अखेर हळूहळू सगळं बाहेर आलं, ते फिस्सकन आलेलं हसू, ती खाली ठेवलेली पेन्सिल, ती जरब. बाबा ऐकत होते आणि त्यांचा आ वासला होता.

जरब कसली, ते म्हणाले. छापखान्यात दिवसभर असलं वाचत बसलं की हसू येणारच. आणि हसणाऱ्या डोळ्याला चूक दिसत नाही. म्हणून तिथे रीत अशी की कुणाला हसू आलं की तपासणाऱ्यानं पेन्सिल खाली ठेवायची. पेन्सिल खाली म्हणजे घ्या हसून, पोटभर हसा, कुणी घाई करणार नाही, मग ओळ पहिल्यापासून. आईला तर पहिल्या अक्षरापासूनच हसू यायचं. दुसरं अक्षर संपेपर्यंत पेन्सिल इतक्या वेळा खाली ठेवावी लागली की त्याच वेळी त्यांनी ठरवून टाकलं, लग्न करीन तर हिच्याशी.

"तुमच्या वेळीसुद्धा ती वाटच बघत होती," ते जावईबापूंना म्हणाले. "तुम्ही हसलात की तिलाही हसायचं होतं. रात्री मला म्हणाली, पोरगा गुणी आहे, पण फार लाजतो."

जावईबापूंनी सूपची बशी जवळ ओढली आणि थंडगार सूप एका दमात पिऊन टाकलं.

मग बाबांनी लिफ्टवाल्याचीही खबर घेतली. तुझ्या त्या रेडिओला मी तीन फोनांत ओळखलं, म्हणाले, रेडिओला कुणी 'अगं हळू' म्हणत नाही. तीन वेळा विचारलं ते तक्रार म्हणून नव्हे. चौथ्या फोनला रेडिओ बंद होता, तेव्हा मला चुकल्यासारखं वाटलं. त्याच दिवशी मी हा शब्द काढून ठेवला.

त्यांनी मघाचा कागद पुन्हा समोर घेतला. खोडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं एकेक टिंब द्यायला लागले, टोकापासून टोकापर्यंत. खिदळीनं विचारलं, हे काय? ते म्हणाले, खोडलेला शब्द परत हवा असला तर तो पुन्हा लिहायचा नसतो, त्याच्याखाली टिंबं द्यायची. म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्याला कळतं, शब्द बरोबर होता, खोडणाऱ्याचं चुकलं, राहू दे.

"तारीख?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"जवळात जवळची काढा," बाबा म्हणाले. कागदावरून त्यांनी नजर वर केली नाही. "तुमची आई गेल्यापासून या घरात एक चूक झालेली नाही. सगळं वेळेवर, सगळं जागच्या जागी. फार कंटाळलोय रे मी."

खिदळी टेबलाला वळसा घालून गेली, त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि तिनं तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

"बाबा, एकट्यानं दोन्ही करायचं नसतं," ती म्हणाली. "मी वाचते. तुम्ही तपासा."